वेब अनुप्रयोगाच्या बांधणी-प्रक्रियेचा स्वनिर्मित प्लगइनद्वारे विस्तार : स्वरूप, कार्यपद्धती आणि मर्यादा

गोषवारा

आजचा वेब अनुप्रयोग वाचकाच्या ब्राउझरपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याच्या असंख्य फाइलींवर बांधणीची प्रक्रिया केली जाते. ही प्रक्रिया पार पाडणाऱ्या ‘बंडलर’ या साधनास ‘प्लगइन’च्या साहाय्याने नवी कामे शिकविता येतात. प्रस्तुत लेखात वेबपॅक, रोलअप, व्हीट आणि ईएसबिल्ड या बंडलरांच्या प्लगइन-रचनेचा परिचय करून दिला असून, मराठी मजकुरातील ‘ऱ्य’ या जोडाक्षराच्या संगणकीय लेखनातील विसंगती दूर करणाऱ्या प्लगइनच्या उदाहरणातून त्या रचनेचे विवेचन केले आहे. प्लगइनने कोणता मजकूर स्वतः दुरुस्त करावा आणि कोठे केवळ दोष दाखवून थांबावे, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : बंडलर, प्लगइन, हुक, बांधणी-प्रक्रिया, युनिकोड, मराठी मजकूर

१. प्रस्तावना

महाविद्यालयाचे नियतकालिक किंवा गौरवग्रंथ छापखान्यात जातो तेव्हा हस्तलिखिताचे थेट पुस्तक होत नाही. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, पानांची मांडणी, छपाई आणि बांधणी असे टप्पे ओलांडून तो वाचकाच्या हाती पडतो. यांपैकी मुद्रितशोधनाचा टप्पा विशेष महत्त्वाचा असतो. मुद्रितशोधक जुळणीतील उघड चूक स्वतः सुधारतो. परंतु जेथे शब्द बदलल्यास अर्थ बदलण्याचा संभव असतो, तेथे तो समासात प्रश्नचिन्ह करून मुद्रित लेखकाकडे परत पाठवितो. सुधारण्याचा अधिकार कोठे संपतो आणि विचारण्याचे कर्तव्य कोठे सुरू होते, याची जाण हेच त्याचे खरे कौशल्य होय.

वेब अनुप्रयोगाच्या निर्मितीतही असेच टप्पे असतात. विकासकाने लिहिलेल्या आज्ञावलीच्या फाइली, मजकूर, चित्रे व शैलीपत्रके एकत्र करून ब्राउझरला सोयीची अशी थोडी फलित-फाइली तयार करणे या कामास ‘बांधणी’ म्हणतात. या प्रक्रियेत स्वतःचा एखादा टप्पा घालावयाचा असल्यास प्लगइन लिहावे लागते. अनेक महाविद्यालये आपली संकेतस्थळे, ग्रंथालय-सूची व अभ्यास-साहित्य वेबवर आणीत असताना हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित राहिलेला नाही. कारण बांधणीच्या टप्प्यावर जे घडते त्याचा परिणाम प्रत्येक विषयाच्या मजकुरावर होतो.

२. बंडलर : गरज आणि विकास

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये अस्तित्वात आली, तेव्हा तिच्यात आज्ञावलीचे स्वतंत्र भाग पाडून ते परस्परांशी जोडण्याची अंगभूत सोय नव्हती. पृष्ठावर एकामागून एक फाइली जोडल्या जात आणि त्यांचा क्रम चुकला की अनुप्रयोग बंद पडे. २००९ मध्ये नोड या प्रणालीचा उदय झाल्यानंतर आज्ञावलीचे ‘मॉड्यूल’ म्हणजे स्वयंपूर्ण भाग करण्याची पद्धत रूढ झाली. परंतु ब्राउझरला ती पद्धत उमगत नव्हती. ही दरी भरून काढण्यासाठी प्रथम ब्राउझरिफाय आणि २०१२ पासून टोबियास कॉपर्स यांनी विकसित केलेले वेबपॅक ही साधने पुढे आली. २०१५ च्या इक्मास्क्रिप्ट मानकाने मॉड्यूलची अधिकृत व्याख्या केली. त्याच वर्षी रिच हॅरिस यांचे रोलअप प्रसिद्ध झाले. पुढे २०२० मध्ये इव्हान वॉलेस यांचे ईएसबिल्ड आणि इव्हान यू यांचे व्हीट यांनी वेगाच्या बाबतीत मोठी झेप घेतली.

या सर्व बंडलरांचे मूलभूत कार्य समान आहे. बंडलर एका प्रवेश-फाइलीपासून आरंभ करतो. ती फाइल कोणकोणत्या मॉड्यूलांवर अवलंबून आहे हे तो पाहतो, ती मॉड्यूले शोधून वाचतो, त्यांचीही अवलंबने शोधतो आणि अशा रीतीने संपूर्ण अनुप्रयोगाचा एक आलेख उभा करतो. त्यानंतर या आलेखातील मॉड्यूलांचे गट पाडून तो फलित-फाइली लिहितो. म्हणजेच शोधणे, वाचणे, रूपांतर करणे, जोडणे आणि लिहिणे असे या कामाचे पाच टप्पे मानता येतात.

३. प्लगइन आणि हुक

बंडलर घडविणाऱ्यास प्रत्येक संस्थेची गरज आधी कळणे शक्य नसते. म्हणून तो आपल्या प्रक्रियेत ठिकठिकाणी विराम ठेवतो आणि त्या त्या विरामस्थळी इतरांनी दिलेली फंक्शने चालविण्याची सोय करतो. या विरामस्थळांना ‘हुक’ म्हणतात. एक वा अधिक हुकांवर टांगलेल्या फंक्शनांचा समुच्चय म्हणजे प्लगइन. प्लगइन समजणे म्हणजे वस्तुतः दोन गोष्टी समजणे होय : कोणता हुक केव्हा येतो, आणि एकाच हुकावर अनेक प्लगइने असतील तर त्यांच्या उत्तरांचे काय होते.

३.१ वेबपॅक : वेबपॅकमध्ये ‘लोडर’ व ‘प्लगइन’ असा भेद केला जातो. लोडर एका वेळी एकाच मॉड्यूलाच्या मजकुराचे रूपांतर करतो. प्लगइनला मात्र संपूर्ण प्रक्रियेवर दृष्टी टाकता येते. वेबपॅकचे प्लगइन हे ‘अप्लाय’ नावाचे फंक्शन असलेले ऑब्जेक्ट असते. त्या फंक्शनाला ‘कंपायलर’ हे ऑब्जेक्ट मिळते व त्याद्वारे प्लगइन हवे ते हुक पकडते. कंपायलर हा संपूर्ण कार्यकाळात एकच असतो, तर फाइली बदलल्यामुळे होणाऱ्या प्रत्येक नव्या बांधणीसाठी स्वतंत्र ‘कंपायलेशन’ निर्माण होते. एका बांधणीची माहिती चुकून पुढच्या बांधणीत मिसळू नये यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे ठरते. हुकांची ही यंत्रणा ‘टॅपेबल’ या स्वतंत्र ग्रंथिकेवर उभी आहे.

३.२ रोलअप आणि व्हीट : रोलअपमध्ये लोडर हा वेगळा वर्ग नाही, सर्व कामे प्लगइनच करते. ‘रिझॉल्व्हआयडी’ हा हुक मॉड्यूल कोठे आहे हे विचारतो, ‘लोड’ त्याचा मजकूर मागतो, ‘ट्रान्सफॉर्म’ त्या मजकुराचे रूपांतर करू देतो आणि ‘जनरेटबंडल’ फलित-फाइली लिहिण्यापूर्वी त्या प्लगइनसमोर ठेवतो. पहिल्या दोन हुकांत उत्तर देणारे पहिले प्लगइन निर्णायक ठरते व पुढच्यांना विचारलेच जात नाही. ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये मात्र एका प्लगइनचे फलित दुसऱ्याच्या हाती जाते. या रचनेमुळे डिस्कवर अस्तित्वात नसलेले मॉड्यूलही निर्माण करता येते. उदाहरणार्थ, नियतकालिकाच्या लेखांच्या फाइली वाचून अंकाची अनुक्रमणिका बांधणीच्या वेळीच तयार करणारे प्लगइन लिहिता येते. अनुप्रयोग ती अनुक्रमणिका एखाद्या नेहमीच्या मॉड्यूलाप्रमाणे आयात करतो. व्हीटने रोलअपचीच प्लगइन-पद्धती आधारभूत मानून विकासकाळातील सर्व्हरसाठी आवश्यक असे काही हुक तीत वाढविले आहेत.

३.३ ईएसबिल्ड : गो भाषेत लिहिलेल्या ईएसबिल्डमध्ये प्लगइनसाठी मुख्यतः ‘ऑनरिझॉल्व्ह’ व ‘ऑनलोड’ हे हुक आहेत. प्रत्येकासोबत फाइलींच्या नावांचा नमुना देणे बंधनकारक असते. हा नमुना गो भाषेतच तपासला जातो. त्यामुळे ज्या फाइलींशी प्लगइनचा संबंध नाही त्यांच्यासाठी जावास्क्रिप्टकडे वळण्याचा खर्च पडत नाही. येथे हुकांची संख्या मर्यादित ठेवून वेग राखला आहे.

४. उदाहरण : मराठी मजकुराचे प्रमाणीकरण

४.१ समस्येचे स्वरूप : ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील भेद मराठी वाचकास सांगावा लागत नाही. पहिला शब्द गुरुजनांचा, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांचा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, तर ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. या जोड्यांत संपूर्ण अर्थभेद केवळ रफार की आडवा र एवढ्यावर अवलंबून असतो. मात्र संगणकाच्या स्मृतीत आडवा र एकाच प्रकारे साठविला जातो असे नाही. युनिकोडमध्ये तो तीन प्रकारे आढळू शकतो. पहिल्या प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र वर्ण-संकेतांक असलेले अक्षर व त्यापुढे हलन्तचिन्ह असते. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्तचिन्ह असते. तिसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. हा तिसरा प्रकार युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी मानकात ठेवण्यात आला आहे.

पडद्यावर तिन्हींचे रूप सारखेच दिसते. परंतु जावास्क्रिप्टमधील साधी तुलना वर्ण-संकेतांकांची होत असल्याने तिच्या लेखी हे तीन भिन्न शब्द ठरतात. परिणामी सूचीत ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ हे शीर्षक असूनही शोध घेणाऱ्यास ते सापडत नाही आणि ‘आढळले नाही’ असे उत्तर मिळते. ग्रंथ कपाटात असतो, पण वाचकाच्या दृष्टीने तो नाहीसा झालेला असतो.

४.२ प्लगइनची रचना : समजा, एखाद्या संकेतस्थळाचा मराठी मजकूर जेसन स्वरूपाच्या फाइलींत ठेवला आहे. या फाइलींसाठी ‘ट्रान्सफॉर्म’ हुक वापरणारे प्लगइन पुढीलप्रमाणे काम करील. प्रथम ते फाइलीचा मार्ग पाहून ती मराठी मजकुराची आहे की नाही हे ठरवील व नसल्यास तिला स्पर्श करणार नाही. हे बंधन औपचारिक नाही. नेपाळी लेखनात आडवा र जोडचिन्हाच्या साहाय्यानेच लिहिण्याची रूढी आहे. मराठीसाठी केलेला नियम तेथे लावणे अनुचित ठरेल.

त्यानंतर प्लगइन ‘नॉर्मलाइझ’ हे २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये असलेले फंक्शन वापरून मजकुरास युनिकोडच्या ‘एनएफसी’ या प्रमाणित रूपात आणील. या एका पायरीने र व नुक्ता यांचे ‘ऱ’ हे एकच अक्षर होते, म्हणजे दुसरा प्रकार पहिल्यात विलीन होतो. तिसऱ्या प्रकारास मात्र एनएफसी हात लावत नाही. त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो : र, हलन्तचिन्ह व जोडचिन्ह यांच्यापुढे य किंवा ह आल्यास त्या तिघांच्या जागी ऱ व हलन्तचिन्ह ठेवावे. मराठीत आडवा र प्रामुख्याने या दोन व्यंजनांपूर्वीच येतो. इतरत्र हा क्रम आढळल्यास प्लगइनने बदल न करता फाइलीचे नाव व शब्द यांसह सूचना द्यावी.

४.३ दुरुस्तीची सीमा : येथे एक मोह टाळणे अत्यावश्यक आहे. न दिसणारी चिन्हे म्हणजे कचरा, अशी समजूत करून मजकुरातील सर्व जोडचिन्हे काढून टाकणारा नियम एका ओळीत लिहिता येतो. परंतु तसे केल्यास तिसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या ‘आचाऱ्यांना’ या शब्दातील र पुढच्या अक्षरावर रफार म्हणून चढतो आणि शब्द ‘आचार्यांना’ असा होतो. कोणतीही त्रुटी-सूचना येत नाही, बांधणी यशस्वी ठरते आणि भोजनगृहाची सूचना गुरुजनांच्या नावे प्रसिद्ध होते. मूळ फाइल शुद्धच असल्याने दोष नेमका कोठे शिरला हे शोधणेही कठीण होते.

यावरून एक तत्त्व निश्चित करता येते. ज्या बदलाने दिसणारे रूप व अर्थ अबाधित राहतात, तोच बदल प्लगइनने स्वतः करावा. जेथे अर्थाविषयी शंका आहे तेथे सूचना द्यावी, आणि जेथे चूक निश्चित असून तिची दुरुस्ती माणसावाचून होणे नाही तेथे बांधणी थांबवावी. इंग्रजी मजकुरातील एखाद्या नोंदीचे मराठी भाषांतरच नसेल तर ती नोंद रिकामी सोडण्यापेक्षा बांधणी थांबविणे इष्ट होय. याउलट देवनागरी व इंग्रजी अंकांची सरमिसळ आढळल्यास केवळ सूचना द्यावी. कारण दूरध्वनी क्रमांक वा ग्रंथाचा प्रमाणक्रमांक जाणीवपूर्वक वेगळ्या अंकांत लिहिलेला असू शकतो. रोलअपमध्ये या दोन प्रकारांसाठी ‘वॉर्न’ व ‘एरर’ अशी स्वतंत्र फंक्शने आहेत, तर वेबपॅकमध्ये कंपायलेशनच्या सूचनांच्या व त्रुटींच्या याद्या वेगळ्या असतात.

५. प्लगइन लिहिताना घ्यावयाची दक्षता

(अ) क्रम : व्हीटमध्ये जेसन फाइलीचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारे प्लगइन अंगभूत आहे. स्वनिर्मित प्लगइनला ‘प्री’ हा अग्रक्रम दिला नाही तर त्याच्या हाती मूळ जेसन न येता रूपांतरित आज्ञावली येते. तपासणी अगदी शेवटी, फलित-फाइलींवर करण्यातही धोका आहे. ईएसबिल्ड स्वतंत्रपणे वापरल्यास मूलतः देवनागरी अक्षरे जशीच्या तशी न लिहिता त्यांचे सांकेतिक रूप लिहितो. यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेणारे देवनागरी अक्षर या रूपात ६ बाइट घेते आणि फलितात ‘ऱ’ शोधू पाहणाऱ्या प्लगइनला ते सापडतच नाही. ‘कॅरसेट’ हा पर्याय यूटीएफ-८ असा ठरविल्यास ही अडचण दूर होते. तथापि मजकुराची तपासणी उगमाजवळ करणे हाच अधिक सुरक्षित मार्ग होय.

(आ) नकाशा : आज्ञावलीची लांबी बदलली की फलितातील ओळ व मूळ फाइलीतील ओळ यांचा मेळ तुटतो. हा मेळ दाखविणाऱ्या ‘सोर्स मॅप’चे नूतनीकरण करणे ही रूपांतर करणाऱ्या प्लगइनची जबाबदारी असते. अन्यथा दोष शोधणारा विकासक भलत्याच ओळीवर जाऊन पोहोचतो.

(इ) अवलंबनांची घोषणा : प्लगइन एखादी शब्दसूची वाचत असेल तर ती फाइल बंडलरच्या आलेखात नसते. ती बदलल्यास पुन्हा बांधणी करावी हे रोलअपमध्ये ‘ॲडवॉचफाइल’द्वारे कळवावे लागते. वेबपॅकच्या २०२० मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत डिस्कवरील कायमस्वरूपी साठ्याची सोय असल्याने ही घोषणा विसरल्यास जुनेच फलित पुनःपुन्हा मिळत राहते.

(ई) निश्चितता : त्याच आदानापासून तेच फलित मिळावे. फलितात बांधणीची वेळ लिहिणारे प्लगइन मजकूर न बदलताही फाइल बदलते. मजकुरावरून फाइलीचे नाव ठरविण्याची पद्धत असल्यास नावही बदलते आणि प्रत्येक वाचकाचा ब्राउझर ती फाइल निष्कारण पुन्हा उतरवून घेतो.

(उ) विकासकाळ व अंतिम बांधणी यांतील भेद : व्हीटच्या विकासकाळातील सर्व्हरमध्ये सर्वसाधारणपणे ‘जनरेटबंडल’ हा हुक चालत नाही. त्यावर आधारलेली तपासणी दिवसभर मूक राहते आणि प्रकाशनाच्या वेळीच बोलू लागते. मजकुराची तपासणी ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये ठेवल्यास हा विलंब टळतो.

६. विश्वासाचा प्रश्न

प्लगइन म्हणजे बांधणी करणाऱ्या संगणकावर चालणारी आज्ञावली होय. त्या संगणकावरील फाइली वाचणे, फलित बदलणे, महाजालाशी संपर्क साधणे हे सर्व तिला सामान्यतः शक्य असते. हा धोका काल्पनिक नाही. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट ग्रंथिकेची देखभाल नव्या व्यक्तीकडे गेली आणि तिच्या अवलंबनांत एक घातक पॅकेज घालण्यात आले. ‘कोपे’ या आभासी चलनाच्या पाकिटाची अंतिम बांधणी चालू असल्याचे ओळखूनच ते पॅकेज जागे होत असे आणि बांधणीत समाविष्ट होणाऱ्या दुसऱ्या एका फाइलीत आपली आज्ञावली मिसळीत असे. विकासकांनी लिहिलेल्या आज्ञावलीत त्याचा मागमूसही नव्हता. ही बाब त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये उघडकीस आली.

या घटनेत घातक पॅकेज बंडलरचे प्लगइन नव्हते. परंतु बांधणीच्या टप्प्यास किती विश्वास बहाल केलेला असतो हे तिने दाखवून दिले. त्यामुळे वीस-पंचवीस ओळींत होणाऱ्या कामासाठी अनोळखी प्लगइन आणण्याऐवजी ते स्वतः लिहिणे, बाहेरील प्लगइनच्या आवृत्त्या निश्चित करून ठेवणे आणि आवृत्ती बदलताना काय बदलले ते पाहणे ही पथ्ये पाळणे योग्य होय. स्वनिर्मित प्लगइनचीही परीक्षा व्हावी. त्यासाठी तिन्ही प्रकारांनी लिहिलेले शब्द, एक नेपाळी फाइल आणि भाषांतर नसलेली एक नोंद असा लहानसा नमुना-प्रकल्प ठेवून प्रत्यक्ष बंडलर चालवावा व फलित पाहावे.

७. मर्यादा

बांधणीच्या वेळी जो मजकूर उपस्थित असतो त्यावरच प्लगइनची सत्ता चालते. विदागारातून नंतर येणारा मजकूर आणि वाचकाने शोध-चौकटीत टंकलिखित केलेला शब्द तिच्या कक्षेबाहेर राहतात. सूचीतील ‘दऱ्या’ प्रमाणित रूपात आणला आणि वाचकाने तिसऱ्या प्रकाराने तो लिहिला तर शोध पूर्वीप्रमाणेच निष्फळ ठरेल. म्हणून प्रमाणीकरणाचा नियम एका स्वतंत्र मॉड्यूलात ठेवून प्लगइन, सर्व्हर व शोध-चौकट या तिन्हींनी तोच वापरणे आवश्यक आहे. तसेच प्रत्येक बंडलरचे हुक भिन्न असल्याने नियम व प्लगइन यांची अशी फारकत केल्यास बंडलर बदलण्याच्या प्रसंगी केवळ बाह्य आवरण नव्याने लिहावे लागते.

८. निष्कर्ष

१. सर्व बंडलरांची प्लगइन-रचना बांधणीच्या ठरावीक टप्प्यांवरील हुकांवर आधारलेली असून, हुकांचा क्रम व उत्तरांचा नियम समजल्यास एका बंडलरचे ज्ञान दुसऱ्यास उपयोगी पडते.

२. संपूर्ण मजकुरास एकच नियम सातत्याने लावण्यासाठी बांधणी-प्रक्रिया हे उपयुक्त स्थान आहे. मात्र त्याच कारणाने तेथील चुकीचा नियमही संपूर्ण मजकुरात निःशब्दपणे पसरतो.

३. अर्थ अबाधित ठेवणारे बदल प्लगइनने करावेत. अर्थाचा प्रश्न असेल तेथे सूचना द्यावी किंवा बांधणी थांबवावी. ‘आचार्य’ आणि ‘आचारी’ यांतील भेद जाणणाऱ्या व्यक्तीचा सहभाग असल्याखेरीज मराठी मजकुरासाठीचे नियम निश्चित करू नयेत. या कामी संगणकशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र बसणे उपकारक ठरेल.

४. प्लगइनला मिळणारे अधिकार व्यापक असल्याने ती लहान, परीक्षित आणि वाचून समजेल अशीच असावी.